कॅनडाच्या जंगलात शेती करायला निघालेल्यांची गाइडबुकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओंटारिओत राहणारे आपले बरेच लोक लाँग वीकेंडला पीटरबरो, लेकफील्डकडे जातात, तिथली ओंडक्यांची घरं, मेणबत्त्यांचे साचे, तीन पायांच्या लोखंडी कढया बघतात आणि मग विचारतात की ही माणसं इथे येऊन पहिली दोन वर्षं जगली कशी, त्यांना शिकवलं कोणी. त्यांच्यासाठी पुस्तकं होती, आणि बरीच होती. मला या पुस्तकांचं वेड आहे, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात. ज्यांची उत्तरं नीट देता येतील ते इथे घेतलेत.

ही गाइडबुकं म्हणजे नक्की काय होती?

ब्रिटनमधून कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा वसाहतींत शेती करायला जाणाऱ्या लोकांसाठी लिहिलेली माहितीपुस्तकं. बोट कुठली, सोबत काय घ्यायचं, जमीन कशी मिळते, झाडं कधी तोडायची, गहू कधी पेरायचा, मजुरी काय पडते, हे सगळं. मी इथे फक्त अप्पर कॅनडाबद्दल लिहितेय, म्हणजे आजचा दक्षिण ओंटारिओ, आणि काळ साधारण १८३० ते १८५५. बाकी वसाहतींची पुस्तकं वेगळी, तिथलं हवामान वेगळं, उगाच सरमिसळ नको.

एवढी पुस्तकं त्याच काळात का निघाली?

कारण माणसं लोंढ्याने निघाली होती. नेपोलियनची युद्धं संपल्यावर ब्रिटनमध्ये बेकारी होती, सैन्यातले हजारो अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसलेले, आणि इकडे अप्पर कॅनडात जमीन. १८३२ या एका वर्षात क्यूबेक बंदरात ५० हजारांवर लोक उतरले. १८२६ साली स्थापन झालेल्या कॅनडा कंपनीकडे विकायला प्रचंड जमीन होती, तिला गिऱ्हाईक हवं होतं. विल्यम कॅटरमोल नावाचा त्यांचा एजंट इंग्लंडात भाषणं देत फिरायचा आणि त्या भाषणांचं पुस्तक १८३१ साली निघालं. पुढच्याच वर्षी विल्यम डनलॉपचं पुस्तक आलं, तोही कॅनडा कंपनीचाच माणूस, तिच्या जंगलांचा वॉर्डन. माणूस हुशार, जंगलात खरंच राहिलेला, पुस्तक आजही मजेत वाचता येतं. पण जमीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस जमीन घ्यायला येणाऱ्यांना सल्ला देतोय हे वाचताना लक्षात ठेवायला हवं.

एकच वाचायचं तर कुठलं?

कॅथरीन पार ट्रेलचं. दुसरा विचारच नको. १८५४-५५ मध्ये टोरांटोत भागाभागाने छापलं गेलं तेव्हा नाव होतं 'द फीमेल एमिग्रंट्स गाइड', नंतर 'द कॅनेडियन सेटलर्स गाइड' झालं. पुरुषांच्या पुस्तकांत जमिनीचा भाव, एकरी उत्पन्न, नद्या, रस्ते, शिकार. हिच्या पुस्तकात ब्रेड, साबण, मेणबत्ती, लोकर रंगवणं, चिंध्यांचे गालिचे, सफरचंदं कापून दोऱ्यात ओवून वाळवणं, मका दहा तऱ्हेने खाणं, डुकराचं मांस खारवणं, आग लागली तर काय करायचं, हिवताप आला तर काय, आणि महिन्यामहिन्याचं हवामान.

माझं स्पष्ट मत असं की या प्रकारातल्या पुस्तकांची खरी परीक्षा एकाच गोष्टीत आहे. पोचल्यापासून पहिलं पीक हातात येईपर्यंतचा जो मधला काळ असतो त्याबद्दल पुस्तक काय सांगतं. बहुतेक पुस्तकं बोटीतून उतरवतात आणि एकदम डोलणाऱ्या गव्हात नेऊन उभं करतात. मधलं वर्ष-दीड वर्ष बाई काय रांधणार, कशाने कपडे धुणार, दिवा कशाचा लावणार? ट्रेलबाईंनी ते लिहिलं.

या बाई कोण होत्या?

जन्म १८०२, इंग्लंड, माहेरचं आडनाव स्ट्रिकलंड. घरात लिहिणाऱ्यांची रांगच. एक बहीण ॲग्नेस, इंग्लंडच्या राण्यांची चरित्रं लिहिणारी, ती तिकडेच राहिली. धाकटी सुझॅना मूडी आणि भाऊ सॅम्युअल कॅनडात आले. कॅथरीनने १८२६ साली, म्हणजे कॅनडा डोळ्यांनी पाहायच्या आधीच, तिथे गेलेल्या एका कुटुंबावर मुलांसाठी पुस्तक लिहिलं होतं. मग १८३२ मध्ये थॉमस ट्रेलशी लग्न, तो ऑर्कनी बेटांचा, अर्ध्या पगारावरचा लष्करी अधिकारी, आणि त्याच उन्हाळ्यात दोघं निघाले. ते वर्ष कॉलऱ्याच्या साथीचं होतं, क्यूबेकच्या खाली ग्रोस ईल बेटावर त्याच वर्षी क्वारंटाइन स्टेशन सुरू झालेलं. मॉन्ट्रियलला पोचल्यावर हिला कॉलरा झालाच. त्यातून वाचली आणि पुढे वयाच्या ९७ व्या वर्षापर्यंत जगली, १८९९ मध्ये लेकफील्डला वारली.

भाऊ सॅम्युअल १८२५ पासून तिथे होता, त्याच्याजवळ कॅचेवानूका तळ्याकाठी यांनी जमीन घेतली. पहिल्या काही वर्षांची पत्रं १८३६ साली 'द बॅकवुड्स ऑफ कॅनडा' म्हणून लंडनला छापली गेली. ते पुस्तक नव्या नवलाईचं आहे, मुक्कामाला आलेल्या माणसाचं. गाइड त्यानंतर जवळजवळ २० वर्षांनी आलं, तोवर बाईंनी सगळं स्वतःच्या हाताने केलेलं होतं, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली की फरक लगेच कळतो.

जमीन म्हणजे किती, आणि ती साफ कशी करायचे?

सर्वसाधारण प्लॉट १०० एकरांचा. आपल्याकडच्या हिशोबाने ४,००० गुंठे, ऐकूनच छाती दडपते. पण ते १०० एकर म्हणजे उभं जंगल, मेपल, बीच, एल्म, पाइन, आणि एका माणसाच्या हातून वर्षाला जेमतेम एक-दोन एकर मोकळे व्हायचे, मजूर लावले तर जास्त. म्हणजे कागदावर जमीनदार आणि प्रत्यक्षात बटाट्याचा तुकडा, अशी बरीच वर्षं जायची.

हिवाळ्यात झाडं पाडायची, फांद्यांचे ढीग घालायचे, वाळलं की पेटवायचं, मग जळके ओंडके बैलांनी ओढून रचायचे आणि पुन्हा पेटवायचं. ओंडके ओढायचं काम एकट्याचं नाहीच, त्यासाठी शेजारपाजारचे सगळे एका दिवशी यायचे, त्याला लॉगिंग बी म्हणायचे. आपल्याकडची इर्जिकच ती. ज्याचं काम त्याने जेवण घालायचं, आणि उद्या दुसऱ्याकडे बोलावणं आलं की आपण जायचं. फरक इतका की तिथे व्हिस्कीही पाजावी लागायची आणि त्यामुळे अपघात, भांडणं व्हायची. आणि २०-२५ दमलेल्या माणसांचा स्वयंपाक घरातल्या बाईवर, एका चुलीवर.

बुंधे मात्र तसेच राहायचे. मेपल-बीचचे काही वर्षांत कुजून निघायचे, पाइनचे पिढीभर ठाण मांडून. पहिलं पीक त्या बुंध्यांच्या मधूनमधून, राखेत, नांगर न चालवता पेरलेलं. जळलेल्या लाकडाची राखही विकली जायची, तिच्यापासून पोटॅश बनायचा, आणि रोख पैसा हातात येण्याचा बऱ्याच कुटुंबांचा तो पहिला मार्ग होता.

यीस्ट नाही, बेकरी नाही, मग ब्रेड?

गाइडमधला हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडातल्या गावा-शहरांतून आलेल्या कित्येक बायका आयुष्यभर बेकरीचा ब्रेड आणून खाल्लेल्या, आणि इथे सगळ्यात जवळचं दुकान एक दिवसाच्या चालीवर. बाई दोन वाटा सांगतात. एक हॉप्सची (बिअरमध्ये घालतात ती वेलीची फुलं), म्हणून दारात हॉप्सचा वेल लावाच असं सांगतात. हॉप्स पाण्यात उकळायचे, गाळून ते गरम पाणी पिठावर ओतून सरसरीत करायचं, कोमट झालं की जुन्या यीस्टचं थोडं विरजण घालायचं, उकडून कुस्करलेला बटाटा घालायचा म्हणजे ब्रेड हलका होतो आणि पीठही कमी लागतं. जुनं यीस्टच नसेल तर दुसरी वाट मिठाच्या आंबवणाची, पीठ, कोमट पाणी आणि मीठ एवढंच, भांडं गरम पाण्यात ठेवून काही तास ऊब टिकवायची. ऊब कमी पडली तर फुगत नाही, जास्त झाली तर मरतं, आणि वेळ टळली तर आंबूस वास येतो. मग बेक-केटल, म्हणजे झाकणाची लोखंडी कढई, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे.

पीठ कुठून आणायचं हा अजून वेगळा त्रास, कारण गिरणी लांब, रस्ते नाहीत, माणसं गव्हाची गोणी पाठीवर टाकून मैलोनमैल जायची आणि गिरणीचं पाणी आटलेलं असलं तर तशीच परत.

साबण खरंच राखेपासून?

हो. एक पिंप घ्यायचं, तळाला भोकं, तळात गवत-काड्या, थोडा चुना, वर लाकडाची राख दाबून भरायची. मेपल-बीचसारख्या टणक लाकडाचीच राख, पाइनची चालत नाही, तिच्यात क्षार कमी. वरून पाणी ओतत राहायचं, खालून तपकिरी पाणी ठिबकतं ते साठवायचं. त्यात अंडं टाकून बघायचं, तरंगलं तर पाणी पुरेसं कडक, बुडलं तर परत राखेवर ओता. मग वर्षभर जमवलेली चरबी, कातडीचे तुकडे, मेणबत्तीचे उरलेसुरले, सगळं त्यात उकळायचं. होतो तो मऊ, जेलीसारखा साबण. मीठ घातलं की वडी जमते, पण मीठ विकत आणावं लागायचं म्हणून बरीच घरं मऊ साबणावरच भागवायची.

मला यात काय दिसतं सांगू, एका झाडाचं लाकूड घराला, फांद्या चुलीला, राख शेतात आणि उरलेली राख साबणात. वाया काहीच नाही. हे लिहायला डोळस बाईच लागते.

साखर, चहा, कॉफी?

साखर मेपलची. मार्च-एप्रिलमध्ये रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असं पडायला लागलं की झाडात रस चढतो, खाच पाडून तो गोळा करायचा आणि आटवत बसायचं. साधारण ४० लिटर रसाचं १ लिटर सिरप होतं, साखर हवी तर त्याहून जास्त आटवायचं, म्हणजे दिवसरात्र जाळासमोर. ही विद्या मूळची इथल्या आदिवासींची, वसाहतवाल्यांनी फक्त लोखंडी कढया आणल्या.

चहा महाग, म्हणून जंगलातल्या काही झुडपांची पानं सांगितलीत. कॉफीला डँडेलियनची मुळं, शरद ऋतूत खणून, धुऊन, कापून, भट्टीत वाळवून भाजायची आणि दळायची. ही कॉफी आजही इथे हेल्थ फूडच्या दुकानात मिळते.

त्या भागात भात होता म्हणतात ते खरं का?

खरं. पीटरबरोच्या दक्षिणेला राइस लेक नावाचं मोठं तळं आहे, त्यात उथळ पाण्यात रानटी भात उगवायचा, इथले आदिवासी अनिशिनाबे लोक त्याला मनोमिन म्हणतात. आपल्या भाताचा लांबचा नातेवाईक, दाणा लांब आणि काळपट. कापत नाहीत. कनू पिकात घालायची, एका काठीने लोंब्या आत वाकवायच्या आणि दुसरीने हलके झोडायच्या, पिकलेले दाणे होडीत पडतात, न पिकलेले लोंबीवर राहतात, काही पाण्यात पडतात ते पुढच्या वर्षीचं बी. मग वाळवून, भाजून, तुडवून टरफल काढायचं. ट्रेलबाईंनी या भाताबद्दल लिहिलंय, शिजवायचा कसा तेही सांगितलंय, आणि तो गोळा करणाऱ्या बायका कोण हेही लिहिलंय.

त्या बायका मिसिसागा, म्हणजे अनिशिनाबेंमधल्याच एका समाजाच्या. ट्रेल कुटुंबाचा त्यांच्याशी रोजचा संबंध होता, हरणाचं मांस, बदकं, बर्चच्या सालीच्या टोपल्या ते द्यायचे आणि बदल्यात पीठ, खारवलेलं डुक्कर, बटाटे न्यायचे. म्हणजे मी वर जो मधला काळ म्हटला, पोचण्यापासून पीक येण्यापर्यंतचा, तो निभावून नेणारं अर्धं ज्ञान आणि बरंचसं अन्न या लोकांकडून आलं. हे कुठल्याच गाइडच्या मुखपृष्ठावर नाही.

मग ती जमीन मुळात कोणाची?

मिसिसागा लोकांचीच. ५ नोव्हेंबर १८१८ च्या करारात, ज्याला ट्रीटी २० म्हणतात, या भागातली सुमारे १९ लाख ५१ हजार एकर जमीन ब्रिटिश सरकारकडे गेली, बदल्यात वर्षाला ७४० पाउंडांचा माल. आकडे शेजारी ठेवून बघा. गाइडबुकांत 'मोकळी जमीन' म्हणून जिचा भाव सांगितलेला असतो ती ही, करार होऊन १५ वर्षंही झाली नव्हती तेव्हा ट्रेल कुटुंब आलं.

ट्रेलबाई माणूस म्हणून प्रेमळ होत्या, आदिवासी बायकांबद्दल आपुलकीने लिहितात, पण त्यांना तिथून कोणी आणि कसं बाजूला सारलं हा प्रश्न त्या विचारत नाहीत, आणि आपण तो विचारायलाच हवा. पुढे ट्रेंट नदीवर बांध आणि बोटी चढवण्या-उतरवण्याचे लॉक आले, पाण्याची पातळी वाढली आणि राइस लेकमधला भात बुडाला. सरकारशी झालेल्या १९२३ च्या विल्यम्स करारांनंतर मिसिसागा लोकांचे शिकारीचे आणि मासेमारीचे हक्कही सरकारने नाकारले. ते प्रकरण कोर्टातून जात जात २०१८ मध्ये मिटलं, सात फर्स्ट नेशन्सना, म्हणजे आदिवासी समाजांना, सुमारे १.१ अब्ज डॉलर, हक्कांची मान्यता आणि सरकारची माफी. त्यातल्या कर्व्ह लेक, हायावाथा, ऑल्डरव्हिल या वस्त्या पीटरबरोच्या आसपासच आहेत. जवळच्या पिजन लेकमध्ये मनोमिन परत पेरलं गेलंय, त्यावरून किनाऱ्यावरच्या कॉटेजवाल्यांशी वादही झालेत. मिसिसागा शहरात आपली एवढी मराठी घरं आहेत, गणपती बसतात, शाळा चालतात, तर शहराला ज्यांचं नाव आहे त्यांची ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आजारपणात काय करायचे?

हिवताप होता, हो, कॅनडात मलेरिया. तळी, दलदल, तोडलेल्या जंगलात साचलेलं पाणी, आणि उन्हाळ्यात डास. अख्खं घर एकाच वेळी कुडकुडत पडलेलं आणि पाणी द्यायला कोणी नाही अशी वर्णनं वारंवार येतात. क्विनीन होतं पण महाग. डॉक्टर लांब. औषधांचे सल्ले त्या काळाचे आहेत, ते इतिहास म्हणून वाचा, करून बघू नका.

बाई स्वतः यशस्वी शेतकरी होत्या का?

नाही. थॉमस ट्रेल पुस्तकात रमणारा माणूस, शेती त्याला जमली नाही, कर्ज झालं, १८३९ मध्ये ते शेत विकलं. पुढे घरं बदलत राइस लेकजवळ ओकलंड्स नावाच्या घरात आले, गाइड तिथूनच लिहिलं, घर चालवायला पैसे हवेत म्हणून. १८५७ च्या ऑगस्टमध्ये तेही घर जळलं. दोन वर्षांत नवरा गेला.

काही लोक यावरून म्हणतात की मग हिचा सल्ला कशाला ऐकायचा. मला उलटं वाटतं. शेत हातचं गेलेल्या घरात मुलांना रोज जेवायला घालणाऱ्या बाईने लिहिलेलं आहे म्हणून तर त्यात फुगवलेलं एकरी उत्पन्न नाही. कशाच्या जागी काय चालेल, हे तिला शोधावंच लागलं होतं.

बहिणीचं पुस्तकही गाइडच आहे ना?

सुझॅना मूडीचं 'रफिंग इट इन द बुश', १८५२. ते गाइड नाही, धोक्याची घंटा आहे. मध्यमवर्गीय माणसांनी जाहिरातींना भुलून जंगलात येऊ नये हे तिला सांगायचं होतं. दोघी एकाच वर्षी आल्या, शेजारी राहिल्या. एकीने येऊ नका सांगितलं, दुसरीने आलात ना मग आता हे करा सांगितलं. दोन्ही वाचा, आधी सुझॅनाचं.

भारतात ब्रिटिशांसाठी अशी पुस्तकं नव्हती का?

होती, पण शेती करणाऱ्यांसाठी नव्हे. भारतात ते शेतकरी म्हणून वसायला आलेच नाहीत. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचं १८८८ चं घर चालवण्याचं पुस्तक प्रसिद्ध आहे, मेमसाहेबांसाठीचं. त्यातला मोठा भाग नोकरांकडून काम कसं करून घ्यायचं यावर. कॅनडात नोकर टिकत नव्हते, मजूर काही वर्षांत स्वतःची जमीन घ्यायचा, त्यामुळे अधिकाऱ्याच्या बायकोलाही स्वतः पीठ मळावं लागलं. दोन्ही पुस्तकं एकाच साम्राज्याची, पण हात कोणाचे राबले ते बघितलं की दोन वसाहतींमधला फरक समजतो.

यातल्या रेसिपी आज घरी होतील?

बऱ्याचशा. मक्याचे जॉनी केक, भोपळ्याचा पाय (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ), बटाट्याचा ब्रेड सहज होतात. राखेच्या पाण्याचा साबण घरात नको, ते पाणी कातडी जाळतं, मुलं असतील तर अजिबात नको. रानातली पानं नीट ओळखता येत नसतील तर चहाला वापरू नका. कबुतराच्या पायची कृती दिसेल, तो पॅसेंजर पिजन होता, थव्यांनी आभाळ झाकायचा, १९१४ मध्ये शेवटचा पक्षी मेला.

कुठे वाचायला, बघायला मिळेल?

जुन्या आवृत्त्यांचे हक्क संपलेत, 'बॅकवुड्स' प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, गाइडचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात. गाइड नीट समजून घ्यायचं तर २०१७ ची नॅथली कुक आणि फियोना लुकस यांनी संपादित केलेली आवृत्ती घ्या, जुनी मापं आजच्या मापांत करून दिलीत, शब्द समजावलेत, लायब्ररीतून मागवता येते. बघायला जायचं तर पीटरबरोजवळ कीनला लँग पायोनिअर व्हिलेज आहे, तिथे १८४६ ची पाण्यावरची गिरणी आहे, उन्हाळ्यात जा म्हणजे चुलीवरचं काम चालू असतं. त्याच फेरीत कर्व्ह लेकला व्हेटंग ओजिब्वा सेंटरलाही थांबा, जेवण बरोबर न्या, आणि जायच्या आधी दोन्हीकडच्या वेळा वेबसाइटवर तपासा कारण हिवाळ्यात बदलतात.